स्टील डिझाइनचं प्रशिक्षण: सॉफ्टवेअरच्या आधी काय शिकायचं

तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे सिव्हिलची पदवी घेऊन पुण्यात एका आरसीसी कन्सल्टंटकडे तुमची दोन वर्षं झाली आहेत आणि आता इमारतींच्या स्टील डिझाइनकडे वळायचंय. समोर तीन वाटा आहेत: स्टॅड, ईटॅब्स आणि टेक्ला ही तिन्ही सॉफ्टवेअर शिकवणारा तीन महिन्यांचा खासगी कोर्स, दोन वर्षांचं एम.टेक., किंवा थोडा कमी पगार घेऊन प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंगच्या, म्हणजे पीईबीच्या, कंपनीत सरळ नोकरी. यातलं काय निवडावं, असा तुमचा प्रश्न आहे.

या तिन्ही वाटांनी आलेल्या मुलामुलींनी माझ्या हाताखाली काम केलंय. तिन्हीकडून तयारीचे इंजिनिअर मिळाले आणि तिन्हीकडून कच्चे राहिलेलेही. म्हणून मी कोर्सचं नाव विचारत नाही, एकच गोष्ट विचारतो: एखादी साधी शेड, छपराच्या पत्र्यापासून पायातल्या अँकर बोल्टपर्यंत, तुमच्याकडून पूर्ण करून घेतली होती का? पत्र्यावर आलेला वारा पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर जातो, पर्लिनवरून राफ्टरवर, म्हणजे छपराच्या तिरक्या तुळईवर, राफ्टरवरून कॉलमवर. शेडच्या लांबीच्या दिशेने येणारा भार ब्रेसिंगमधून, म्हणजे फ्रेमना जोडणाऱ्या तिरक्या आधारांमधून, खाली उतरतो आणि सगळं मिळून बेसप्लेटमधून पायात जातं. या वाटेवरचा प्रत्येक मेंबर आणि प्रत्येक जोड एकदा हाताने तपासलेला असेल, तर सॉफ्टवेअर फार लवकर हाताशी येतं. तो तपासलेला नसेल, तर तिन्ही सॉफ्टवेअर येत असूनही माणूस डिझाइनला बसू शकत नाही.

आरसीसीतून येणाऱ्यांना इथे काय वेगळं वाटतं, ते आधी सांगतो. आरसीसीत बीम आणि कॉलम एकसंध ओतले जातात. सळ्यांचं अँकरेज आणि रिंगा नीट असतील तर सांधा तयार होतो. स्लॅब असतो, तो आडवा भार वाटून देतो आणि बीमच्या वरच्या भागाला धरूनही ठेवतो. शिवाय इमारतीचं वजनच इतकं असतं की वारा छप्पर उचलेल असा विचार मनात येत नाही. स्टीलच्या शेडमध्ये यातलं काहीच आपोआप मिळत नाही. जोड तुम्हाला करावा लागतो. स्लॅबचं काम ब्रेसिंगला द्यावं लागतं. फ्लँज, म्हणजे मेंबरची वरची किंवा खालची आडवी पट्टी, बाजूला वळू नये म्हणून तो कुठे धरायचा, ते ठरवावं लागतं. आणि वजन इतकं कमी असतं की वाऱ्याची वरची ओढ हाच बऱ्याचदा निर्णायक भार ठरतो.

एक उदाहरण आकड्यांनी करून बघा. चाकणला २४ मीटर स्पॅनची, ६० मीटर लांबीची, ८ मीटर ईव्ह उंचीची, म्हणजे छपराच्या कडेपर्यंतच्या उंचीची, शेड घ्या, ७.५ मीटरवर एक याप्रमाणे नऊ फ्रेम. भारांसाठीचा भारतीय कोड आयएस ८७५, त्याच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे. मोकळी जागा, १० मीटरच्या आतली उंची, सपाट जमीन, म्हणजे सगळे गुणक १ धरले तर दाब ०.६ गुणिले ३९ चा वर्ग, साधारण ०.९१ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. हीच शेड मुंबईजवळ उभी करायची असेल तर वेग ४४ आणि दाब १.१६. वेग फक्त तेरा टक्के वाढला, दाब सत्तावीस टक्के वाढला. वर्ग म्हणजे काय ते इथे समजतं. पुण्याच्या शेडचं ड्रॉइंग भिवंडीला जसंच्या तसं का चालत नाही, हेही समजतं.

आता पर्लिनकडे या. छपरावर बाहेरून ओढीचा गुणांक ०.९ आणि आतून ढकलणारा ०.२ धरला, तर वरच्या दिशेने साधारण १ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर भार येतो. दिशा, क्षेत्रफळ वगैरेंमुळे कमी करणारे गुणक मी सोपेपणासाठी बाजूला ठेवलेत. पत्रा आणि पर्लिनचं वजन मिळून ०.१२ च्या आसपास. १.५ पट वारा वजा ०.९ पट वजन, म्हणजे सुमारे १.४ वरच्या दिशेने. खालच्या दिशेने ०.७५ चा लाइव्ह लोड आणि वजन धरून १.५ पट केलं तर १.३. आकडे जवळपास सारखे, दिशा उलट. अनुभवी आणि नवख्या इंजिनिअरमधला फरक इथेच दिसतो. भार खाली असताना पर्लिनचा वरचा फ्लँज कॉम्प्रेशनमध्ये असतो आणि त्याला स्क्रूने बसवलेल्या पत्र्याचा आधार असतो. भार वर असताना खालचा फ्लँज कॉम्प्रेशनमध्ये येतो आणि त्याला कुणीच धरलेलं नसतं. तो बाजूला वळायला मोकळा असतो. म्हणून पर्लिनना बाजूने धरणारे सॅग रॉड किती आणि पर्लिनच्या उंचीत कुठे बसवायचे, राफ्टरच्या खालच्या फ्लँजला धरणारे तिरके अँगल, म्हणजे फ्लँज ब्रेस, किती अंतरावर द्यायचे, हे प्रश्न उभे राहतात. साइटवर ‘हे तिरके अँगल कशाला, काढून टाकू’ असं म्हणणारा कुणीतरी भेटतोच. त्याला ठामपणे ‘नाही’ म्हणता येण्यासाठी हे गणित हाताने केलेलं असावं लागतं.

त्याच शेडला दोन्ही बाजूंना मोठी रोलिंग शटर्स असतील आणि वादळात ती उघडी राहण्याची शक्यता असेल, तर आतल्या दाबाचा गुणांक ०.२ वर थांबत नाही. भिंतीतली उघडी जागा पाच टक्क्यांच्या वर गेली की तो ०.५ होतो, वीसच्या वर गेली की ०.७. क्लायंट दोन वर्षांनी शेजारी शेड जोडणार आहे का, मधली भिंत काढणार आहे का, हे पहिल्या बैठकीतच विचारायचं असतं. असा प्रश्न विचारायला कुठलंही सॉफ्टवेअर शिकवत नाही.

वाऱ्याला कमी लेखलं की काय होतं ते मुंबईने १३ मे २०२४ ला पाहिलं. घाटकोपरला साधारण १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग मान्सूनपूर्व वादळात पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. होर्डिंगला उभा भार जवळजवळ नसतो. त्याचं सगळं डिझाइन म्हणजे वारा आणि त्या वाऱ्याने तळाशी येणारी उलथवणारी मोमेंट. इमारतीच्या गच्चीवर किंवा आवारात असं काही उभारायचं काम तुमच्याकडे येईल तेव्हा ‘साधं फ्रेमवर्क आहे’ असं कुणी म्हटलं तरी पायापर्यंतचं गणित सोडू नका.

दुसरा मोठा विषय स्थैर्याचा. कॉलेजात बकलिंगचं, म्हणजे दाबाखाली मेंबर बाजूला वाकण्याचं, ऑयलरचं सूत्र पाठ होतं, पण त्याचा अर्थ मनात उतरलेला नसतो. स्टील डिझाइनच्या आयएस ८००:२००७ या कोडमध्ये कॉम्प्रेशन मेंबरसाठी अ, ब, क, ड असे चार बकलिंग वक्र दिलेत. त्यातला ‘क’ घ्या आणि २५० एमपीए यील्डचं साधं स्टील. स्लेंडरनेस, म्हणजे मेंबरच्या सडपातळपणाचं माप, ५० असताना परवानगीचा डिझाइन ताण १८३ एमपीए आहे. १०० ला तो १०७ वर येतो आणि १५० ला ६० च्याही खाली. म्हणजे तोच सेक्शन, तेच स्टील, फक्त मधले दोन आधार काढले की ताकद एक तृतीयांश. आता कुणी म्हणेल, ई२५० ऐवजी जास्त यील्डचं ई३५० स्टील वापरू. आखूड, जाड कॉलममध्ये त्याचा फायदा होतो. लांब, सडपातळ कॉलममध्ये तो जवळपास नाहीसा होतो, कारण बकलिंग यील्डवर नव्हे तर कडकपणावर ठरतं आणि दोन्ही स्टीलचा कडकपणाचा आकडा, म्हणजे ‘ई’, सारखाच असतो, २ लाख एमपीए. डिफ्लेक्शनचंही तेच. हे एकदा नीट समजलं की ‘हाय ग्रेड वापरा, टनेज कमी होईल’ या सल्ल्याला कधी हो म्हणायचं आणि कधी नाही, ते आपोआप कळतं.

सेक्शनचं वर्गीकरण, म्हणजे प्लास्टिक, कॉम्पॅक्ट, सेमी-कॉम्पॅक्ट आणि स्लेंडर, याच विषयातलं. पीईबीमध्ये पातळ वेबचे, म्हणजे दोन फ्लँजमधल्या उभ्या पट्टीचे, टोकाकडे निमुळते होणारे बिल्टअप सेक्शन असतात. त्यांचा वेब बऱ्याचदा स्लेंडर असतो आणि तिथे पूर्ण क्षेत्रफळ धरून चालत नाही. रोल्ड आयएसएमबीवर, म्हणजे तयार मिळणाऱ्या आय आकाराच्या बीमवर, सराव केलेल्या माणसाने हे वेगळं शिकायलाच हवं.

आता सॉफ्टवेअरकडे येतो, कारण तुमचा कल तिकडे दिसतो. स्टॅडमध्ये पर्लिनच्या जागी नोड देऊन राफ्टरचे तुकडे केले की अनसपोर्टेड लांबी न सांगितल्यास प्रोग्राम प्रत्येक तुकड्याची लांबी हीच बकलिंगची लांबी समजतो. दीड मीटरचा तुकडा, त्यामुळे स्लेंडरनेस छान, भार आणि ताकदीचा रेशो ०.७, सगळं हिरवं. प्रत्यक्षात फ्रेमच्या प्रतलात राफ्टर अर्ध्या स्पॅनइतका मोकळा आहे आणि त्याचा खालचा फ्लँज जिथे फ्लँज ब्रेस आहे तिथेच धरलेला आहे. दोन्ही अक्षांसाठी लांबी वेगवेगळी द्यायची, वरच्या आणि खालच्या फ्लँजसाठी वेगळी द्यायची, आणि ती का दिली ते कॅल्क्युलेशन शीटमध्ये एका ओळीत लिहायचं. माझ्याकडे नवीन आलेल्या इंजिनिअरची फाइल उघडली की मी सेक्शन नंतर बघतो, हे पॅरामीटर आधी बघतो.

बेसचंही असंच. मॉडेलमध्ये सपोर्टला ‘फिक्स्ड’ लिहिलं की वरचं सरकणं कमी होतं, राफ्टर-कॉलमची मोमेंट वाटली जाते, टनेज घटतं. पण ड्रॉइंगमध्ये कॉलमच्या दोन फ्लँजच्या आत चार अँकर बोल्ट आणि एक साधी बेसप्लेट असेल तर तो बेस फिक्स्ड नाही. आणि खरोखर फिक्स्ड करायचा असेल तर ती मोमेंट घेणारी जाड प्लेट, स्टिफनर, बाहेरचे अँकर बोल्ट आणि मोठं फुटिंग हवं. त्या मोमेंटचा आकडा पाया डिझाइन करणाऱ्यापर्यंत लेखी पोचायला हवा. आपल्याकडे वरचं स्टील पीईबी कंपनी करते आणि पाया दुसराच कन्सल्टंट करतो. आरसीसीच्या बाजूने तुम्ही हे पाहिलं असेलच. सपोर्ट रिअ‍ॅक्शनचा तक्ता तुमच्या टेबलावर आला असेल. तुमचा तो अनुभव इथे फार मोलाचा आहे, त्याला कमी समजू नका.

सरकण्याची मर्यादाही फक्त तक्त्यातून उचलायची नसते. एकमजली शेडच्या कॉलमला पत्र्याचं आवरण असेल तर उंचीच्या १५० वा भाग, वीटकाम असेल तर २४० वा. आपल्या एमआयडीसीतल्या बऱ्याच शेडना खाली तीन मीटर विटांची भिंत असते आणि वर पत्रा. ८ मीटर उंचीला पहिल्या नियमाने ५३ मिलिमीटर सरकणं चालतं, दुसऱ्याने ३३. भिंत कॉलमला घट्ट बांधलेली आहे की मध्ये फट सोडली आहे, यावर उत्तर बदलतं. ईओटी, म्हणजे डोक्यावरून विजेवर चालणारी, क्रेन आली की नियम आणखी कडक होतात. विजेच्या, ५० टनांपर्यंतच्या क्रेनच्या गर्डरला स्पॅनच्या ७५० व्या भागापेक्षा जास्त झुकणं चालत नाही.

यानंतर जोडणी, म्हणजे कनेक्शन. माझ्या मते स्टील डिझाइनचं अर्धं प्रशिक्षण इथे व्हायला हवं आणि बहुतेक कोर्समध्ये ते शेवटच्या शनिवारी उरकलं जातं. मेंबर निवडणं आता सॉफ्टवेअर बऱ्यापैकी करतं. पण स्टीलच्या इमारती पडतात तेव्हा बऱ्याचदा आधी जोड सुटलेला असतो.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलची घटना प्रत्येक स्टील इंजिनिअरला तपशिलात माहीत असावी. १७ जुलै १९८१ ला तिथल्या लॉबीत टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं मेली. मूळ कल्पना अशी होती की छतापासून एकच लांब रॉड खाली येईल आणि वरचा व खालचा पूल त्याच रॉडवर आपापल्या नटांवर टेकतील. फॅब्रिकेशन सोपं व्हावं म्हणून तो बदलून दोन रॉड केले गेले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलाच्या बीमपासून खालच्या पुलापर्यंत. रॉडमधला ताण फारसा बदलला नाही. पण वरच्या पुलाच्या बीमखालच्या नटवर आता दोन्ही पुलांचं वजन आलं, म्हणजे दुप्पट भार. तो बीम दोन चॅनेल तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेला पेटीसारखा होता. नट त्या वेल्डच्या जागेतून फाडून आत गेला. शॉप ड्रॉइंगवर मंजुरीचा शिक्का होता, पण त्या जोडाचं गणित कुणीच केलेलं नव्हतं. शॉप ड्रॉइंग तपासणं हा स्वतंत्र कौशल्याचा भाग आहे आणि तो शिकवणारा वरिष्ठ मिळाला तर त्याला सोडू नका.

साध्या गोष्टींपासून सुरुवात करा. एम२० चा ८.८ ग्रेडचा बोल्ट, आटे शिअरच्या प्रतलात आहेत असं धरून, एका प्रतलात साधारण ९० किलोन्यूटन घेतो. त्याच मापाचा ४.६ ग्रेडचा बोल्ट ४५. दोन्ही लांबून सारखे दिसतात, फरक डोक्यावरच्या शिक्क्यात. ड्रॉइंगवर ग्रेड ठळक लिहायची सवय यासाठी लावायची. ६ मिलिमीटरच्या फिलेट वेल्डची घशाची जाडी ४.२ मिलिमीटर. कारखान्यात केला तर १०० मिलिमीटर लांबीला सुमारे ७९ किलोन्यूटन, साइटवर केला तर ६६, कारण कोड साइटच्या वेल्डसाठी १.२५ ऐवजी १.५ चा सुरक्षा गुणक मागतो. हा फरक कोडने का ठेवला ते एकदा उंचावर, वाऱ्यात, उलट्या हाताने वेल्डिंग करणाऱ्या माणसाकडे बघितलं की कळतं. म्हणून चांगला डिझायनर साइटवर शक्यतो बोल्ट ठेवतो आणि वेल्ड कारखान्यात.

एम२० साठी भोक २२ मिलिमीटर. कडेपासूनचं अंतर मशीनने कापलेल्या कडेला भोकाच्या दीडपट, हाताने गॅसने कापलेल्या कडेला १.७ पट. हे आकडे पाठ होतात, पण त्यामागचं ब्लॉक शिअर, म्हणजे बोल्टभोवतीचा तुकडा फाटून निघणं, आणि बेअरिंग हाताने सोडवल्याशिवाय सांध्यातल्या गसेट प्लेटचा आकार कसा ठरतो ते कळत नाही. एका पायाने जोडलेला सिंगल अँगल टेन्शनमध्ये पूर्ण क्षेत्रफळाने काम करत नाही; कॉम्प्रेशनमध्ये तो वाकतो आणि पिळतोही, त्यामुळे आयएस ८०० मध्ये त्याला वेगळं समीकरण आहे. ट्रसच्या सांध्यात मेंबरच्या मध्यरेषा एका बिंदूत मिळतात का ते बघा. मिळत नसतील तर जी जादा मोमेंट येते ती कुठे जाणार हे स्वतःला विचारा. मग ईव्हच्या कोपऱ्याकडे या, जिथे राफ्टर आणि कॉलम एंड प्लेटने जुळतात. तिथे प्लेट वाकल्यामुळे बोल्टवर येणारी प्रायिंगची जादा ओढ, प्लेटची जाडी, पॅनेलमधला शिअर आणि त्यासाठीचा तिरका स्टिफनर, हे सगळं एकाच जागी शिकायला मिळतं. हा एक कोपरा पूर्ण सोडवायला नवख्याला आठवडा लागला तरी तो आठवडा द्यावा.

फ्रिक्शन ग्रिप बोल्टबद्दल, म्हणजे घट्ट आवळून घर्षणाने भार नेणाऱ्या बोल्टबद्दल, एक इशारा. आयएस ८०० मध्ये प्रक्रिया न केलेल्या पृष्ठभागाला स्लिप फॅक्टर ०.२० आहे, ग्रिट ब्लास्ट केलेल्या पृष्ठभागाला ०.५०. डिझायनरने ०.५० धरलं आणि रंगाऱ्याने जोडाच्या आतल्या बाजूवरही प्रायमर मारला, तर जोड तुमच्या हिशोबाप्रमाणे भार घेणार नाही. ड्रॉइंगवर ‘या भागावर रंग नको’ असं लिहून तो भाग रेखाटून दाखवायचा असतो.

यासाठी कारखान्यात जायलाच हवं. पुण्यात राहता, त्यामुळे चाकण, रांजणगाव, तळेगावच्या पट्ट्यात फॅब्रिकेटर भरपूर आहेत. ओळख काढा, रजा घ्या, शक्य तितके दिवस जा. कटिंगपासून सुरुवात करा. फिटर ड्रॉइंग कसं वाचतो, कुठे अडतो, कुठल्या कोपऱ्यात वेल्डरचा हात पोचत नाही म्हणून तो डोकं खाजवतो, ते बघा. वेल्डिंगच्या उष्णतेने सरळ प्लेट वाकते, ती पुन्हा सरळ करायला वेळ आणि पैसा जातो. तुम्ही गरज नसताना ६ ऐवजी १० मिलिमीटरचा वेल्ड लिहिला तर धातू अडीचपटीहून जास्त लागतो आणि वाकणंही वाढतं. अल्ट्रासॉनिक आणि डाय पेनेट्रंट चाचणी कशी करतात, वेल्डरची पात्रता कशी तपासतात, मिल टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर प्लेटवरच्या नंबराशी कसा जुळवतात, हे विचारा. फिटर-वेल्डर लोक मनापासून सांगतात. त्यांना विचारणारे इंजिनिअर फार येत नाहीत.

उभारणीही एकदा सुरुवातीपासून बघा. पूर्ण झालेली शेड स्थिर असते, अर्धी झालेली नसते. ज्या बेमध्ये ब्रेसिंग आहे तिथून सुरुवात करायची, दोन फ्रेम उभ्या करून त्यांच्यातले पर्लिन आणि ब्रेसिंग पूर्ण करायचे, प्लंब बघून घट्ट करायचं, मग पुढची फ्रेम. तोवर तात्पुरते दोर. एकटी उभी केलेली फ्रेम संध्याकाळच्या वाऱ्यात सोडून जाणं जीवघेणं आहे. उभारणीचा क्रम ड्रॉइंगवर लिहिणं ठेकेदाराची जबाबदारी मानली जाते, पण शेड सुरक्षित क्रमाने उभी राहू शकते का हा विचार डिझायनरनेच करायचा असतो.

भूकंपाबद्दल थोडक्यात. हलक्या एकमजली शेडमध्ये बहुधा वाराच निर्णायक ठरतो. बहुमजली स्टील इमारतीत चित्र बदलतं. भूकंपाच्या आयएस १८९३ या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे-मुंबई झोन तीनमध्ये, कोयनेचा परिसर झोन चारमध्ये आहे. बहुमजली इमारतीत आयएस ८०० च्या बाराव्या प्रकरणातले तपशील पाळल्याशिवाय स्पेशल मोमेंट फ्रेमचा ५ हा रिडक्शन फॅक्टर, म्हणजे भूकंपाचा भार कमी धरू देणारा आकडा, घेता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर अनेक स्टील इमारतींच्या बीम-कॉलम वेल्डमध्ये तडे सापडले, तेही इमारती बाहेरून धड दिसत असताना. लवचिक समजलेले जोड ठिसूळपणे तुटले होते. बहुमजली काम करायचं असेल तर त्या घटनेनंतर जोडांचे तपशील कसे बदलले ते सविस्तर वाचा. आगीचाही अभ्यास त्याच वेळी करा. साधारण ५५० अंश सेल्सिअसला स्टीलची ताकद जवळपास निम्मी राहते.

आता तुमच्या तीन वाटा.

तीन महिन्यांचा खासगी कोर्स: फी भरण्याआधी त्यांना विचारा की कनेक्शन डिझाइनला किती तास आहेत, आणि शिकवणाऱ्याने स्वतः डिझाइन केलेली कुठली शेड उभी आहे. एका तरी विद्यार्थ्याची पूर्ण कॅल्क्युलेशन फाइल दाखवा म्हणावं, फक्त स्टॅडचे रंगीत आऊटपुट नव्हे. उत्तर समाधानकारक असेल तर खुशाल करा. तिन्ही सॉफ्टवेअर एकत्र शिकण्यात मात्र मला अर्थ वाटत नाही. टेक्ला हे मुख्यतः डिटेलिंगचं साधन आहे. डिटेलर व्हायचं असेल तर ते आधी, नसेल तर सध्या नको. स्टॅड किंवा ईटॅब्समधलं एक पुरे. आणि नोकरीच्या बाजारात त्या प्रमाणपत्राचं वजन फार नाही. महापालिकेचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा परवानाही पदवी आणि अनुभवावर मिळतो.

एम.टेक.: तुम्हाला उंच इमारती, भूकंप, डायनॅमिक्स यांची ओढ असेल आणि गेटमधून व्हीजेटीआय, सीओईपी, सांगलीचं वालचंद किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीसारखी जागा मिळत असेल, तर नक्की घ्या. तिथला पाया आयुष्यभर पुरतो. शेड आणि कारखान्यांचंच काम करायचं असेल तर त्याच दोन वर्षांत चांगल्या वरिष्ठाखाली जास्त शिकाल.

पीईबी कंपनीतली नोकरी: तुमच्या परिस्थितीत माझा कौल याच वाटेला आहे, एका अटीवर. मुलाखतीत विचारा की नवीन इंजिनिअरचं काम कोण तपासतं, आणि डिझायनरला कारखान्यात व साइटवर पाठवतात का. काही ठिकाणी इंजिनिअर दिवसभर एका ठरलेल्या प्रोग्राममध्ये स्पॅन आणि उंची भरून टनेज काढतो, वर्षानुवर्षं तेच. तिथे कितीही प्रकल्प झाले तरी शिकणं थांबतं. तपासणारा वरिष्ठ असेल तर दोन-चार हजार कमी पगार मनावर घेऊ नका.

आणि यातलं काहीही निवडलं तरी आजपासून सुरू करता येण्यासारखं बरंच आहे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे स्टील स्ट्रक्चरचे वर्ग मोफत आहेत. कोलकात्याची इन्सडॅग ही संस्था स्टीलच्या वापरावर प्रशिक्षण आणि मार्गदर्शिका देते. चेन्नईचं सीएसआयआर-एसईआरसी नोकरी करणाऱ्या इंजिनिअरसाठी अल्पकालीन कोर्स घेतं. मुंबईच्या इंडियन सोसायटी ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्सच्या व्याख्यानांना गेलात तर पुस्तकात नसलेल्या गोष्टी ऐकायला मिळतील. आयएस ८०० मात्र स्वतःची प्रत घेऊन, पेन्सिलीने खुणा करत, पहिल्या प्रकरणापासून वाचा. फक्त तक्ते बघू नका.

परदेशी कोडची घाई करू नका. पुण्या-मुंबईतून आखातातली आणि युरोपातली कामं होतात, तिथे अमेरिकेचा एआयएससी किंवा युरोकोड लागतो, हे खरं. पण आयएस ८००:२००७ चे बकलिंग वक्र युरोकोडच्या जवळचे आहेत आणि एआयएससी एकाच वक्राने काम भागवतं. एक कोड मुळापासून समजला की दुसऱ्यात काय वेगळं आहे तेवढंच शोधावं लागतं.

आधी सांगितलेली २४ बाय ६० मीटरची चाकणची शेड हाच तुमचा पहिला प्रकल्प समजा. नोकरी सांभाळून रोज तासभर दिला तर चार-पाच महिन्यांत होईल. वारा, पर्लिन, फ्रेमची मोमेंट, राफ्टर, कॉलम, ब्रेसिंग, ईव्हचा कोपरा, बेसप्लेट, अँकर बोल्ट, फुटिंग, सगळं हाताने. मग तीच शेड सॉफ्टवेअरमध्ये उभी करा आणि जिथे आकडे जुळत नाहीत तिथे का ते शोधून काढा. शेवटी एका फॅब्रिकेटरला ड्रॉइंग दाखवून विचारा, हे असं बनवता येईल का? तो ज्या चार जागांवर बोट ठेवेल त्या दुरुस्त करा, आणि मुलाखतीला जाताना ती फाइल बरोबर न्या.